हस्ताक्षरी फॉन्ट वापरायचा कसा: मजकुरापासून छपाईपर्यंत, क्रमाने

हाताने लिहिल्यासारखा दिसणारा फॉन्ट डिझाइनमध्ये फसतो, तेव्हा दोष बहुतेक वेळा फॉन्टचा नसतो. क्रम चुकलेला असतो. नमुन्याच्या चित्रात फॉन्ट आवडतो, तो लगेच सगळीकडे लावला जातो आणि खरा मजकूर सगळ्यात शेवटी हातात येतो. मग 'दऱ्याखोऱ्यांत' मधला र तुटतो, 'मूर्तींना' वरचा रफार वेलांटीत घुसतो, आणि दुरुस्तीला वेळ उरलेला नसतो. खालच्या पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने करा. पहिल्या तीन पायऱ्यांना कंटाळून कुणी थेट सहाव्या पायरीवर उडी मारली, तर परत मागे यावं लागतंच.

## पायरी १: मजकूर हातात घ्या आणि त्यात कुणाचा आवाज आहे ते ठरवा

हस्ताक्षरी फॉन्ट वाचकाला एकच गोष्ट सांगतो: हे कुणीतरी माणसाने लिहिलंय. म्हणून संपूर्ण मजकूर समोर ठेवा आणि प्रत्येक ओळ मोठ्याने वाचा. जी ओळ एखाद्या माणसाच्या तोंडी शोभते, तिच्यावर खूण करा. आमंत्रणातलं 'नक्की या', चित्राशेजारी बाण काढून लिहिलेली टीप, संवादाचा फुगा, भेटवस्तूवरची चिठ्ठी, लहान मुलाच्या तोंडचं वाक्य या जागा हस्ताक्षराच्या.

तारीख, वेळ, पत्ता, फोन नंबर, वापरण्याच्या सूचना, अटी आणि धोक्याचे इशारे यांच्यावर खूण करू नका. ही माहिती लोक वाचत नाहीत, शोधतात. आणि शोधणाऱ्या डोळ्याला अक्षराचं वळण आडवं येतं.

खुणा करून झाल्या की मोजा. एका पानावरच्या दहा शब्दांपैकी दोनपेक्षा जास्त शब्द हस्ताक्षरात जात असतील तर मी काट मारायला लागतो. हा नियम नव्हे, माझा अनुभव आहे. पण सगळंच हस्ताक्षरात असेल तर काहीच हस्ताक्षरात नसल्यासारखं दिसतं, हे एकदा शेजारी शेजारी ठेवून बघाच.

आता आणखी एक प्रश्न, जो जवळजवळ कुणी विचारत नाही: हे लिहिणाऱ्या माणसाच्या हातात काय आहे? बॉलपेन, जाड मार्कर, ब्रश की खडू? डिझाइनमध्ये बारीक पेनाने काढलेली रेखाचित्रं असतील आणि शेजारी ब्रशचा फॉन्ट आला, तर चित्र एकाने काढलंय आणि अक्षर दुसऱ्यानेच कुणीतरी लिहिलंय हे लगेच कळतं. साधन आधी ठरवलं की निवडीचा पसारा अर्ध्यावर येतो.

तपासा: मजकूर अंतिम झालाय का? शुद्धलेखन दुसऱ्या कुणी तपासलंय का? नसेल तर इथेच थांबा.

## पायरी २: परवाना उघडून वाचा

'फ्री' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. काही फॉन्ट कुठल्याही कामासाठी मोकळे असतात, काही फक्त वैयक्तिक वापरासाठी. दुसऱ्या प्रकारचा फॉन्ट व्यावसायिक पोस्टरवर वापरला तर तो परवान्याचा भंग ठरतो, फाइल फुकट मिळाली होती म्हणून सुटका होत नाही.

मोकळ्या फॉन्टमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा परवाना म्हणजे एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स, आवृत्ती १.१. त्यानुसार फॉन्ट व्यावसायिक कामात वापरता येतो, कागदपत्रांत एम्बेड करता येतो म्हणजे त्या फाइलीतच साठवता येतो, त्यात बदलही करता येतात. फॉन्टची फाइल नुसतीच विकता येत नाही. आणि मूळ कर्त्याने नाव राखून ठेवलं असेल तर बदललेल्या फॉन्टला ते नाव देता येत नाही. तुम्ही त्या फॉन्टमध्ये केलेलं पोस्टर किंवा पुस्तक मात्र तुमचंच राहतं.

विकत घेतलेल्या फॉन्टमध्ये संगणकावरचा वापर, वेबसाइट आणि ॲप यांचे परवाने बरेचदा वेगवेगळे असतात. काम कुठेकुठे जाणार आहे ते आधी लिहून काढा आणि मगच परवाना घ्या. परवान्याची फाइल कामाच्या फोल्डरमध्येच ठेवा. वर्षभराने कुणी विचारलं तर शोधाशोध नको.

## पायरी ३: स्वतःची चाचणी-ओळ बनवा आणि फॉन्ट तिच्यावर घासून बघा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. फॉन्टच्या नमुन्यात नेहमी सोपी, गोड अक्षरं असतात. मराठी मजकूर तसा नसतो. मी प्रत्येक नवा हस्ताक्षरी फॉन्ट खालच्या शब्दांवर तपासतो. हे शब्द एका फाइलमध्ये उतरवून ठेवा:

दऱ्याखोऱ्या, तऱ्हा, कुऱ्हाड, सूर्य, मूर्तींना, सर्वांनी, राष्ट्र, ट्रक, ड्रम, श्रद्धा, विद्या, द्वार, द्रुत, उद्घाटन, ब्रह्म, चिन्ह, जिल्हा, प्रश्न, निश्चय, हृदय, कृती, श्रुती, रुमाल, रूप, चिठ्ठी, विठ्ठल, क्षण, ज्ञान, बाळ, ॲप, ऑफिस, कॉफी, बॅट, लॅपटॉप, ० १ २ ३ ४ ५ ६ ७ ८ ९

आता एकेक बघू.

आडवा अर्धा र. 'दऱ्या' आणि 'तऱ्हा' यांतला पापणीसारखा र मराठीत पावलोपावली लागतो. गंमत अशी की तो टाइप करण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत खाली टिंब असलेलं ऱ हे वेगळं अक्षर घेऊन त्याचा पाय मोडतात. दुसरीत साधा र, पायमोड आणि त्यानंतर न दिसणारं जोड-चिन्ह येतं. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण काही फॉन्टना यांपैकी एकच पद्धत कळते. मजकूर दोन-तीन जणांकडून आला असेल तर त्यात दोन्ही पद्धतींची सरमिसळ असते, म्हणून एकाच पानावर 'वाऱ्या' बरोबर आणि 'साऱ्या' तुटका दिसतो. उपाय सोपा: शोधा-बदला वापरून सगळा मजकूर एकाच पद्धतीत आणा.

डोक्यावरची गर्दी. 'मूर्तींना' या शब्दात एका अक्षराच्या डोक्यावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार तिघे बसतात. चांगल्या फॉन्टमध्ये त्यांच्यासाठी वेगळी जागा आखलेली असते. घाईत बनवलेल्या फॉन्टमध्ये टिंब रेषेत बुडतं. हा शब्द तुमच्या मजकुरात नसला तरी तपासा, कारण फॉन्ट बनवणाऱ्याने किती काळजी घेतली आहे ते इथे उघड होतं.

पायाखालची गर्दी. 'द्रुत', 'हृदय', 'श्रुती' पाहा. उकार अक्षराला चिकटून काळा डाग होतोय का? 'रु' आणि 'रू' वेगळे वाचता येतात का? ऱ्हस्व-दीर्घ ओळखू येत नसेल तर तो फॉन्ट माझ्यापुरता तिथेच बाद.

जोडाक्षरं. 'श्रद्धा', 'विद्या', 'चिठ्ठी' यांत पाय मोडलेलं चिन्ह उघडं दिसलं तर त्या जोडाक्षराचा आकार फॉन्टमध्ये नाही असा अर्थ. 'चिठ्ठी' मध्ये पायमोड दिसणं एक वेळ चालून जाईल, 'द्य' आणि 'द्ध' मध्ये डोळ्याला खटकतं.

इंग्रजीतून आलेले स्वर. 'ॲप' मधला ॲ जुन्या फॉन्टमध्ये नसतोच. मग संगणक ते एकच अक्षर दुसऱ्या फॉन्टमधून उसनं आणतो आणि हस्ताक्षराच्या मधोमध छापील अक्षर उभं राहतं. हे पटकन लक्षात येत नाही, म्हणून चाचणी-ओळ खूप मोठी करून बघा.

ल, श आणि अंक. मराठी वळणाचा ल पाकळ्यांचा असतो. हिंदी वळणाच्या ल ला उजवीकडे उभा दंड असतो. श चंही तसंच, मराठी आणि हिंदी वळण वेगळं. अंकांत ५ आणि ८ बघा. काही फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात आणि मजकुराची भाषा 'मराठी' नेमली की आपोआप मराठी रूप येतं. काहींत एकच असतं. मराठी वाचकासाठी हाताने लिहिल्याचा भास निर्माण करायचा असेल तर हे वळण फार महत्त्वाचं आहे. आपल्यापैकी किती जण हाताने दंडाचा ल काढतात?

चाचणी कुठून सुरू करायची असं कुणी विचारलं तर मी 'कलम' सुचवतो. बॉलपेन किंवा पातळ मार्करने लिहिल्यासारखं तिरकं वळण, देवनागरी आणि रोमन दोन्ही लिपी एकाच फॉन्टमध्ये, बारीक, साधी आणि ठळक अशा तीन जाड्या, आणि परवाना वर सांगितलेला मोकळा. तो सगळ्या कामांना शोभतो असं नाही, पण तुलनेसाठी मोजपट्टी म्हणून उत्तम आहे.

इशारा: मजकुरात वेबसाइटचा पत्ता किंवा इंग्रजी नाव असेल तर रोमन अक्षरंही तपासा. देवनागरी बोरूने आणि रोमन ब्रशने लिहिल्यासारखी दिसणारी जोडी एका ओळीत नांदत नाही.

## पायरी ४: सॉफ्टवेअर मराठीसाठी तयार करा

फॉन्ट चांगला असूनही 'कि' मधली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडली, जोडाक्षरं सुटी दिसली, तर फॉन्टवर राग काढू नका. लिपी जुळवणारी यंत्रणा बंद आहे.

* इनडिझाइनमध्ये परिच्छेद-पॅनलच्या मेन्यूतून वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर निवडा.
* इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात भारतीय लिप्यांचे पर्याय दाखवण्याची खूण करा, मग परिच्छेद-पॅनलमध्ये दक्षिण आशियाई कंपोझर निवडा.
* फोटोशॉपमध्येही मजकुराच्या पर्यायांत वर्ल्ड-रेडी लेआउट आहे. जुन्या आवृत्त्यांत त्याच जागी मध्यपूर्व आणि दक्षिण आशिया असं नाव दिसतं.
* इंकस्केप आणि गिंपमध्ये वेगळं काही करावं लागत नाही.
* वर्डमध्ये देवनागरीचा फॉन्ट 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' या वेगळ्या रकान्यात नेमला जातो. वरचा नेहमीचा रकाना बदलूनही मराठी अक्षर बदलत नसेल तर कारण हेच.

त्यानंतर मजकुराची भाषा 'मराठी' नेमा.

मजकूर जुन्या, युनिकोड ही सर्वमान्य अक्षर-संकेतपद्धत येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल तर फॉन्ट बदलताच त्याची निरर्थक रोमन अक्षरं होतात. तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या आणि रूपांतरानंतर पहिल्यापासून पुन्हा वाचा. र, रफार आणि अर्धी अक्षरं या रूपांतरात हमखास चुकतात.

तपासा: चाचणी-ओळ आता याच सॉफ्टवेअरमध्ये चिकटवा. ब्राउझरमध्ये बरोबर दिसली होती म्हणून इथेही दिसेलच असं नाही.

## पायरी ५: सोबतीला शांत फॉन्ट घ्या

हस्ताक्षराशेजारचा फॉन्ट जितका साधा, तितकं हस्ताक्षर खुलतं. सरळ उभा, एकसारख्या जाडीचा, बऱ्याच जाड्या असलेला फॉन्ट निवडा. 'मुक्ता' मध्ये सात जाड्या आहेत, त्यामुळे पत्ता, तारीख, उपमथळा, तळटीप सगळं एकाच कुटुंबात भागतं.

दोन हस्ताक्षरी फॉन्ट एका पानावर घेऊ नका. अपवाद एकच: दोन माणसं बोलत असतील. आई आणि मूल यांचे संवाद दोन वळणांत दाखवले तर ते सयुक्तिक आहे. नुसता बदल हवा म्हणून दुसरं वळण आणलं तर वाचक दुसरा माणूस शोधत बसतो.

## पायरी ६: आकार, ओळी, अंतर

चित्रं असतील तर फॉन्टचा आकार अंकांवरून ठरवू नका, रेषेवरून ठरवा. रेखाचित्रातल्या रेषेची जाडी मोजा आणि काना तितकाच जाड होईपर्यंत अक्षर मोठं-लहान करा. मजकूर त्या आकारात मावत नसेल तर जास्त ठळक किंवा बारीक जाडी निवडून पुन्हा जुळवा. एवढ्याने चित्र आणि अक्षर एकाच पेनातून उतरल्यासारखी दिसतात.

छापील कामात हस्ताक्षर १४ पॉइंटच्या खाली नेऊ नका असं मी सांगेन. शिरोरेषेपासून पुढच्या शिरोरेषेपर्यंतचं अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपटीपासून सुरू करा. रोमन मजकुराचं सव्वापट अंतर देवनागरीला लावलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात.

आता सगळ्यात जास्त दिसणारी चूक: अक्षरांमधलं अंतर वाढवणं. रोमन लिपीत अंतर वाढवलं तर शब्द मोकळा दिसतो. देवनागरीत शिरोरेषा तुटते, आणि एका शब्दाचे तीन तुकडे होतात. अंतर कमी केलं तर काना शेजारच्या अक्षरात शिरतो. म्हणून हा आकडा शून्यावर ठेवा आणि विसरून जा. ओळ भरायची असेल तर आकार बदला, ओळ दुसरीकडे मोडा, किंवा शब्दांमधलं अंतर बदला. तिथे शिरोरेषा संपलेलीच असते, त्यामुळे काही बिघडत नाही. हाताने लिहिताना आपण शब्दांत अंतर जरा सैल सोडतो. एखाद्या फॉन्टमध्ये ते फारच आवळलेलं असेल तर थोडं वाढवून बघा, लिखाण लगेच श्वास घेतं.

आडवं ताणणंही टाळा. पेनाच्या फॉन्टमध्ये काना आणि शिरोरेषा एकाच जाडीचे असतात. अक्षर आडवं ताणलं की काना जाडा होतो आणि शिरोरेषा तेवढीच राहते. असा पेन अस्तित्वात नाही आणि डोळ्याला ते नेमकं कळतं. तसंच फॉन्टमध्ये ठळक जाडी नसताना 'बोल्ड' चं बटण दाबणं: संगणक अक्षराला बाहेरून सूज आणतो आणि गाठी बुजतात.

ओळी दोन्ही बाजूंनी समान करू नका, डावीकडे लावून उजवी कड मोकळी सोडा. ओळ बोलण्याच्या ओघात जिथे थांबते तिथे मोडा. थोडा तिरका कोन हवा असेल तर पूर्ण परिच्छेद तीन-चार अंश फिरवा, एकेक अक्षर नाही.

तपासा: पान खऱ्या आकारात छापून हातभर लांब धरा. हस्ताक्षर आणि माहिती यांत आधी काय दिसलं? ते तुम्हाला हवं तेच आहे का?

## पायरी ७: जुळी अक्षरं वेगळी करा

माणूस दोनदा च काढतो तेव्हा दोन्ही च सारखे येत नाहीत. फॉन्टमध्ये ते तंतोतंत सारखे येतात आणि मथळ्याएवढ्या मोठ्या आकारात भास तिथेच फुटतो. काही फॉन्टमध्ये एका अक्षराची दोन-तीन रूपं असतात. ओपनटाइपच्या, म्हणजे फॉन्टमध्येच भरलेल्या खास सोयींच्या, पर्यायांत 'कॉन्टेक्स्चुअल ऑल्टरनेट्स' सुरू केलं की ती आपोआप आलटून पालटून येतात. देवनागरी फॉन्टमध्ये ही सोय क्वचित सापडते, म्हणून मथळ्यापुरतं काम हाताने करावं लागतं. परिच्छेदात हे करू नका, तिथे कुणाला दिसतही नाही.

मथळा समजा असा आहे: 'चला, चालत बोलूया'. यात च दोनदा, ल तीनदा, आणि 'बो' मधला धरून काना चारदा. हे असं करा:

1. मथळ्याची प्रत काढून मूळ मजकूर लपवलेल्या लेयरवर ठेवा. तो पुसायचा नाही.
2. प्रतीचं आकारांत रूपांतर करा, म्हणजे ती टाइप केलेला मजकूर न राहता अक्षरांची सुटी चित्रं होतील.
3. दुसरा च एक अंशाने डावीकडे कलवा आणि दोन-तीन टक्क्यांनी लहान करा. त्याच्या पोटातली रेघ थोडी वर सरकवा. यापेक्षा जास्त काही नाही.
4. 'चालत' मधल्या ल ची डावी पाकळी किंचित फुगवा, आणि 'बोलूया' मधला ल खाली केसभर उतरवा. लिहिताना शेवटाकडे हात खाली येतोच.
5. काने चारही वेगळ्या लांबीचे करा. शेवटच्या 'या' चा काना सगळ्यात लांब सोडला तरी चालतो, तिथे पेन उचलला जातो.
6. शिरोरेषा जवळ जाऊन बघा. अक्षर कलवल्यावर तिच्यात पायरी पडली असेल तर टोकाचे बिंदू ओढून जोडून घ्या. थोडी वर-खाली झालेली शिरोरेषा छान दिसते, फट पडलेली नाही.

थांबायचं कुठे, हे कठीण आहे. डोळे बारीक करून मथळा पाहिला आणि एखादं अक्षर वेगळं उठून दिसलं, तर ते जास्त झालं. अर्धं मागे घ्या.

## पायरी ८: रंग, पार्श्वभूमी आणि बाह्यरेषेचा सापळा

बारीक रेषेचं हस्ताक्षर फोटोवर टाकू नका. फोटोच्या शांत भागात जागा काढा, नाहीतर मागे सपाट रंगाचा तुकडा द्या. स्क्रीनसाठी वेब-सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांतला आकडा धरा: साध्या मजकुराला अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ ला १ एवढा विरोध (कॉन्ट्रास्ट), मोठ्या मजकुराला ३ ला १. मोठा म्हणजे १८ पॉइंट, किंवा ठळक असेल तर १४ पॉइंट. पण हे आकडे रेषेची जाडी बघत नाहीत. बारीक हस्ताक्षर १८ पॉइंटला असलं तरी मी ४.५ चाच नियम लावतो.

छपाईत काळं अक्षर शंभर टक्के निव्वळ काळ्या शाईत ठेवा, चार शायांचं मिश्रण नको. शाया केसभर सरकल्या तरी बारीक रेषेला रंगीत सावली पडते. गडद पार्श्वभूमीवर पांढरं हस्ताक्षर हवं असेल तर एक पायरी ठळक जाडी घ्या. चारही बाजूंनी शाई आत येते आणि गाठी भरतात.

आता सापळा. देवनागरी फॉन्टमध्ये शेजारची अक्षरं शिरोरेषेवर एकमेकांवर थोडी चढलेली असतात, म्हणून रेषा अखंड दिसते. मथळ्याला बाहेरून वेगळ्या रंगाची कड दिली की ही चढण उघडी पडते आणि प्रत्येक जोडावर उभी रेघ येते. आकारांत रूपांतर करून एकेक अक्षर पारदर्शक केलं तर जोडावर गडद चौकोन दिसतो. सगळे आकार नुसते एकत्रित मार्ग (कंपाउंड पाथ) म्हणून बांधले तर उलट जोडावर पांढरं छिद्र पडू शकतं. तिन्हींवर इलाज एकच: आकारांत रूपांतर करा, इलस्ट्रेटरच्या पाथफाइंडर पॅनलमधल्या 'युनाइट' ने संपूर्ण शब्दाचा एकच आकार करा, आणि मगच कड किंवा पारदर्शकता द्या.

इशारा: युनाइट केल्यावर गाठी आणि पोटं उघडी आहेत ना ते पाहा. घ, ध, भ आणि थ बघायला विसरू नका.

## पायरी ९: छपाईला फाइल देताना

दोन फाइली ठेवा. एकीत मजकूर जिवंत, म्हणजे टाइप करून बदलता येणारा, दुसरीत आकारांत रूपांतरित. छपाईला दुसरी जाते, दुरुस्ती नेहमी पहिलीत होते. मी एकदा घाईत एकच फाइल ठेवली होती, रूपांतर केलेली. छपाईच्या आदल्या रात्री एका नावातली वेलांटी चुकलेली सापडली. तेव्हा दुसऱ्या अक्षराची वेलांटी कापून इथे बसवली. ती बसली, पण जोड दिसत होता, आणि ज्यांचं नाव होतं त्यांना तो दिसला. तेव्हापासून जिवंत फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवल्याशिवाय मी रूपांतराच्या बटणाला हात लावत नाही.

पीडीएफ देत असाल तर फॉन्ट एम्बेड झालेत का ते फाइलच्या गुणधर्मांत बघा. पीडीएफमधून मजकूर कॉपी करून शुद्धलेखन तपासू नका. देवनागरी अशा कॉपीत बरेचदा विस्कळीत होते आणि नसलेल्या चुका दिसतात. कागदावर छापून वाचा, शक्य असेल तर मजकूर आधी न पाहिलेल्या माणसाकडून.

कटिंग प्लॉटरवर विनाइल किंवा कागद कापायचा असेल तर युनाइट केल्याशिवाय फाइल देऊच नका. प्लॉटर शिरोरेषेवरची प्रत्येक चढण इमानदारीने कापतो आणि शब्द हातात तुकड्यांनी येतो. खडूसारख्या खरबरीत कडांचे फॉन्ट या कामाला घेऊ नका, त्यांच्या कडेवर शेकडो बिंदू असतात आणि पातं अडखळतं. अनुस्वार आणि नुक्ता सुटे पडतात, ते किती लहान होणार आहेत ते मोजून घ्या.

## पायरी १०: वेबसाइटवर

फॉन्ट वॉफ-२ (WOFF2) या वेबसाठीच्या स्वरूपात द्या, फाइल बरीच हलकी होते. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवा, नाहीतर मराठी ल आणि श असूनही दिसणार नाहीत. अक्षर-अंतर शून्य ठेवा. इंग्रजी मथळ्यांसाठी बनवलेल्या तयार थीममध्ये ते वाढवलेलं असतं आणि मराठी मथळ्यांची शिरोरेषा त्यामुळेच तुटते. कृत्रिम ठळकपणा आणि कृत्रिम तिरकेपणा बंद करा. फॉन्ट येईपर्यंत साध्या फॉन्टमध्ये मजकूर दिसेल अशी सोय ठेवा, रिकामी जागा नको.

फाइल आणखी लहान करण्यासाठी फॉन्टमधली न लागणारी अक्षरं काढून टाकतात. हे करताना दोन गोष्टी हमखास गळतात: जोडाक्षरं जुळवणारे ओपनटाइपचे नियम, आणि न दिसणारी जोड-चिन्हं. दोन्ही राखा. छाटलेला फॉन्ट चढवला की तिसऱ्या पायरीतली चाचणी-ओळ एका लपवलेल्या पानावर टाका आणि ते पान संगणकावर, अँड्रॉइडवर आणि आयफोनवर उघडून बघा. 'दऱ्याखोऱ्या' आणि 'ॲप' हे दोन शब्द तिन्हीकडे सारखे दिसले, तरच पान खुलं करा.